चूर्णाच्या डब्यातली गोळी

पत्र थोडक्यात, ओळख पुसून:

लिहिणारी ३५ वर्षांची, पुण्यात नोकरी, सासर सातारा जिल्ह्यातल्या एका गावात. सासरे ६८, एसटीतून रिटायर, शुगर ९ वर्षांपासून. गोळ्या आठवल्या तर घ्यायचे. डिसेंबरमध्ये एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी) ८.४ आलं तेव्हा डॉक्टर ओरडले, त्याचा राग येऊन जानेवारीत त्यांनी गोळ्याच बंद केल्या आणि जांभळाच्या बियांचं चूर्ण दोन वेळा, सकाळी कारल्याचा रस असं सुरू केलं. फेब्रुवारीत शुगर २६० झाली. मेमध्ये मात्र एचबीए१सी ७.१! आता ते गावभर चूर्ण सुचवतायत, "शुगर तर उतरलीच, वर पोटपण साफ होतं" असं सांगतात. मागच्या आठवड्यात हिने सासूबाईंना खलबत्त्यात गोळी कुटताना पकडलं. फेब्रुवारीपासून त्या जुनीच गोळी (ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एसआर एकत्र असलेली) रोज दोनदा चूर्णात घालतायत. बाबा यंदा लोणंदपासून वारीला निघणार, म्हणून सासूबाईंनी ३० गोळ्या कुटून मोठा डबाभर चूर्णात कालवूनही ठेवल्यात. नवरा म्हणतो, रिपोर्ट चांगला आहे ना, मग गप्प बस. सांगितलं तर बाबा सगळंच सोडतील, सासूबाईंवरचा विश्वास जाईल, नाही सांगितलं तर मन खातंय. "चूर्णात काही नाही, गुण गोळीचाच आहे हे माहीत असून मी गप्प राहू का, ताई?"

उत्तर:

अगं, खोटं कशाला बोलू, पत्राच्या निम्म्यापर्यंत मला हसू येत होतं. खलबत्ता, दुपारची वेळ, सासरे झोपलेले, आणि ठक ठक आवाज होऊ नये म्हणून खाली फडकं घातलेलं (तू लिहिलं नाहीस पण फडकं असणारच). मग वारीच्या डब्याची ओळ आली आणि हसू गेलं. म्हणून आधी डब्याचं बोलू, सांगायचं की नाही ते नंतर, कारण ते एक आठवडा थांबू शकतं आणि डबा थांबू शकत नाही.

मी डॉक्टर नाही. बी.फार्म. करून २८ वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिले, त्या अनुभवावर बोलतेय. त्या गोळीत ग्लिमेपिराइड असतं सहसा एक नाहीतर दोन मिलीग्रॅम, म्हणजे चिमटीत धरता येणार नाही इतकं. कारखान्यात एवढीशी पावडर सगळीकडे सारखी मिसळायला खास मशीन असतं आणि तरीही प्रत्येक बॅचमधल्या गोळ्या काढून तपासतात. सासूबाईंनी ३० गोळ्या पळीने कालवल्या. आता त्या डब्यातल्या एका चमच्यात अर्धी गोळी येईल, एकात तीन येतील, तळाला काय बसलंय ते विठ्ठलालाच ठाऊक. घरी दर वेळी एक गोळी एका चमच्यात घालत होत्या तेव्हा निदान एका वेळेला एकच गोळी जात होती, डब्यात तोही हिशोब राहिला नाही.

आणि ग्लिमेपिराइड हे औषध जरा दांडगं आहे. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवलात की नाही हे ते बघत नाही. मेटफॉर्मिन एकट्याने सहसा शुगर फार खाली नेत नाही पण ग्लिमेपिराइड नेतं. आता डोळ्यासमोर आण, माणूस ६८ वर्षांचा, दिवसभर चालतोय, चालण्याने शुगर तशीच उतरते, दिंडीतलं जेवण कधी अकराला कधी तीनला, आणि शेवटी आषाढीचा उपवास. हातपाय थरथरले, घाम फुटला, बडबडायला लागले तर बरोबरचे म्हणणार उन्हाचा त्रास आहे, जरा पडू द्या. आरोग्य तंबूतल्या डॉक्टरांनी विचारलं की शुगरची गोळी घेता का, तर तुझे सासरे छाती पुढे काढून सांगणार, "नाही, फक्त जांभूळ." त्या एका खऱ्या वाटणाऱ्या उत्तराने डॉक्टरांचा अंदाज चुकू शकतो. मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटते.

दुसरी भीती, तूच लिहिलंयस की ते गावभर चूर्ण सुचवतात. मग दिंडीत डबा एकट्याने खातील का? शेजारच्या माउलीला चमचाभर देणारच. त्या माउलीला शुगर नसेल तर? किंवा त्यांची स्वतःची गोळी चालू असेल तर? म्हणून तो डबा वारीला जायचा नाही, यावर चर्चा नको, नवरा काहीही म्हणो. हे वाचून झालं की आधी सासूबाईंना फोन कर.

फोनवर त्यांना चोर ठरवू नकोस हं. पण एक सांग, नावात एसआर असलेली गोळी कुटायची नसते. ती हळूहळू, तासनतास विरघळावी अशी बनवलेली असते, कुटली की सगळं औषध एकदम सुटतं. मेटफॉर्मिन एकदम सुटलं की पोटात गुडगुड, गॅस, पातळ संडास. म्हणजे सासरे ज्याला "चूर्णाने कोठा साफ होतो" म्हणतायत ते बहुतेक सासूबाईंच्या खलबत्त्याचं काम आहे! जांभळाचं बी उलट तुरट असतं, पारंपरिक वापरात ते जुलाब थांबवायला देतात. आणि त्याच तुरटपणाखाली गोळीची कडू चव लपलीये, सासूबाई हुशार आहेत खऱ्या.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. तू म्हणतेस चूर्णात काही नाही, गुण गोळीचाच. तुला हे माहीत नाहीये गं, तुला तसं वाटतंय, जसं सासऱ्यांना वाटतंय की गुण चूर्णाचाच. चार महिन्यांत बदललं काय काय ते बघ. नऊ वर्षं आठवली तर गोळी घेणाऱ्या माणसाच्या पोटात पहिल्यांदाच रोज दोन्ही वेळा न चुकता गोळी गेली. शिवाय तूच पत्रात शेवटी एका वाक्यात लिहिलंयस की चूर्ण सुरू केल्यापासून त्यांनी चहातली साखर सोडली आणि सकाळी फिरायला जातात. माणूस हौसेने एखादी गोष्ट सुरू करतो तेव्हा तिच्यासोबत बाकीचंही सुधारतं, हे मी काउंटरवरून शंभरदा पाहिलंय. मग ७.१ पैकी किती गोळीचं, किती साखर सोडल्याचं, किती जांभळाचं? कुणालाच सांगता येणार नाही, कारण सासूबाईंनी सगळं एकाच चमच्यात कालवलं.

जांभळात काहीच नाही असंही नाही. बियांमध्ये टॅनिन आहेत, गॅलिक अॅसिड, एलॅजिक अॅसिड आहे, जुन्या पुस्तकांत जांबोलिन नावाचं द्रव्य सांगितलंय की ते पिठूळ पदार्थाची साखर होऊ देत नाही. प्रयोगशाळेत नळीमध्ये यातली काही द्रव्यं आतड्यातल्या साखर सुटी करणाऱ्या एन्झाइमला अडवतात हे दिसलेलं आहे. म्हणजे थोडंफार व्होग्लिबोज नावाची गोळी करते त्या प्रकारचं काम. पण नळीतून माणसापर्यंत यायला मोठा घाट लागतो. ब्राझीलमध्येही जांभूळ शुगरवर घरोघरी वापरतात, तिथे जांभळाच्या पानांच्या चहाची गोळीशी आणि नुसत्या खोट्या औषधाशी तुलना केली, २००४ साली ते छापून आलं, गोळीने शुगर उतरली आणि चहाने नाही. ती पानं होती, बिया नव्हेत, म्हणून त्यावरून बियांचा निकाल लावू नये हे मला मान्य आहे. पण गोळी सोडून देण्याएवढा पुरावा बियांच्याही बाजूने नाही.

कारल्याचं जरा बरं आहे. त्यात शुगर उतरवतं असं मानलं जाणारं कॅरँटिन नावाचं द्रव्य आहे, शिवाय इन्सुलिनसारखं वागणारं एक प्रथिन आहे, पॉलिपेप्टाइड-पी, ते टोचून दिलं तेव्हा शुगर उतरल्याचं भारतातल्या संशोधकांनी १९८१ साली लिहिलं होतं. पण टोचून! प्रथिन पोटात गेलं की डाळीसारखं पचतं, इन्सुलिन प्यायला देत नाहीत ते याचमुळे. थायलंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नव्याने शुगर निघालेल्या लोकांना चार आठवडे कारल्याची पावडर दिली, दिवसाला २००० मिलीग्रॅम घेणाऱ्यांची शुगर थोडी उतरली, मात्र १००० मिलीग्रॅम मेटफॉर्मिनने उतरली त्यापेक्षा कमीच. फिलिपिन्समधल्या एका अभ्यासात तीन महिन्यांनंतर एचबीए१सीमध्ये फरक म्हणावा असा पडला नाही. म्हणजे कारलं अगदी खोटं नाही पण दमही फार नाही, आणि मजा बघ, थोडं जरी काम करत असेल तरी ते ग्लिमेपिराइडच्या कामात भर घालणार. नुकसान करणार नाही म्हणून घेतो असं लोक म्हणतात तेव्हा मला नेहमी विचारावंसं वाटतं, मग गुण तरी कसा येणार? जे शरीरात काही करतं त्याला मात्रा लागतेच. वैद्यसुद्धा निशा-आमलकी म्हणजे हळद-आवळा देतात तेव्हा किती, कशाबरोबर, कधी ते सांगतात, मूठभर फाका असं नाही सांगत.

रसाबद्दल एक वेगळं, कारण ही चूक घराघरात होते. कारल्याच्या रसात दुधी मिसळू नका. २०१० मध्ये दिल्लीत एक शास्त्रज्ञ असा मिश्र रस पिऊन दगावले, तेव्हा आयसीएमआरने (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) त्यावर समितीही नेमली होती. दुधी कधीकधी कडू निघतो, तो कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या विषाचा असतो. नुसता दुधी असेल तर कडू लागला की थुंकून टाकता येतो, पण कारल्यात मिसळल्यावर कडू कोण आहे हे कळणार कसं? घरात कुणी गरोदर असेल तर तिला कारल्याचा रस किंवा अर्क देऊ नका, भाजी खाल्ली तेवढी खाल्ली.

आता सासऱ्यांना सांगायचं की नाही. सांगायचं. पण तू नाही, आणि "बघा, तुमचं चूर्ण खोटं" असं तर मुळीच नाही. तू हा प्रश्न खरं की खोटं असा मांडलायस, मला वाटतं त्यांनी गोळी का सोडली हा प्रश्न तुमच्या घरात अजून कुणी विचारलेलाच नाही. डॉक्टर ओरडले हे निमित्त. २८ वर्षांत ज्यांनी ज्यांनी गोळ्या सोडल्या त्यांच्यापैकी तत्त्वासाठी सोडणारे फार थोडे भेटले. खरं कारण खाली वाकून, हळू आवाजात सांगतात. पोट बिघडतं. प्रवासात संडासाची पंचाईत. अकराच्या सुमारास चक्कर येते. रात्री झोपेत घामाने भिजतो. एसटीत आयुष्य काढलेल्या माणसाला पोट बिघडण्याचं काय दुःख असतं ते तुला मी सांगायला नको. शक्यता आहे की त्यांना ग्लिमेपिराइडने मधेच शुगर कमी होऊन त्रास होत असेल आणि ते गोळीलाच घाबरले असतील. तसं असेल तर डॉक्टर औषध बदलून देऊ शकतात, पण त्यांना कळलं पाहिजे ना.

म्हणून मी तुझ्या जागी असते तर असं केलं असतं. आज फोनवर सासूबाईंना कुटणं थांबवायला सांगितलं असतं, आणि आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करून सगळं खरं सांगितलं असतं, कारण गोळी एकदम थांबल्यावर शुगर पुन्हा वर जाणार आणि वारी तोंडावर आहे, मधल्या दिवसांत काय द्यायचं हे डॉक्टरांनीच ठरवायला हवं. दुकानदाराने नाही, मीही नाही. मग शनिवारी गावी जाऊन सासूबाई आणि बाबा दोघांना घेऊन दवाखान्यात, नवऱ्यालाही बरोबर न्यायचं, रिपोर्ट चांगला आहे म्हणून गप्प बसायला सांगणाऱ्याने तिथे बसून ऐकावं. सांगतील सासूबाई. "तुम्ही २६० शुगर घेऊन अंगणात झोपायचा, मला भीती वाटली" एवढंच त्यांनी म्हणायचं. रागावतील सासरे. दोन दिवस बोलणार नाहीत, चहा बाहेर ओट्यावर घेतील. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हे पहिलं गुपित नसणार गं, तू सासूबाईंच्या विश्वासाची एवढी काळजी करू नकोस. हीच गोष्ट त्यांना दिंडीतून हॉस्पिटलमध्ये गेल्यावर तिसऱ्याच कुणाकडून कळली तर मात्र ते विसरणार नाहीत.

गोळी म्हणजे केमिकल, चूर्ण म्हणजे निसर्ग असं ते म्हणतील तेव्हा त्यांना मेटफॉर्मिनची गोष्ट सांग, त्यांना आवडेल. युरोपात गॅलेगा नावाची एक जांभळ्या फुलांची वनस्पती आहे, तिथले जुने वैद्य ती वारंवार लघवीला होणाऱ्या लोकांना द्यायचे. गुण यायचा पण ती विषारीही होती, मेंढ्यांनी भरपूर खाल्ली तर मरायच्या. तिच्यातल्या द्रव्याच्या धर्तीवर प्रयोगशाळेत १९२२ मध्ये मेटफॉर्मिन बनलं, आणि फ्रान्समध्ये ज्याँ स्टर्न या डॉक्टरांनी शुगरच्या पेशंटना देऊन १९५७ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये काढलेल्या फ्लोरिझिनवरून तर आजच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या सुचल्या. म्हणजे तुमचा पालाच आहे बाबा, फक्त त्याचं माप काढायला शंभर वर्षं लागली. हे ऐकून मान हलवतील बघ.

चूर्ण लगेच बंद करा असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांना दाखवून, त्यांची हरकत नसेल तर, गोळी वेगळी आणि चूर्ण वेगळं, असं घेऊ दे. घरात ग्लुकोमीटर आणा, उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी असे आठवड्यातून दोनतीन दिवस आकडे वहीत लिहायचे, वही त्यांच्याच हातात द्या, कंडक्टर माणूस हिशोब चोख ठेवेल. तीन महिन्यांनी एचबीए१सी. सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि बी-१२, कारण मेटफॉर्मिन मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकतं, पायाच्या मुंग्यांचा दोष मग उगाच शुगरवर जातो.

वारीला जाऊ दे. डॉक्टर हो म्हणाले तर जाऊच दे, चालणं शुगरला चांगलंच आहे. खिशात चिठ्ठी, त्यावर गोळ्यांची खरी नावं. दुसऱ्या खिशात ग्लुकोजची पुडी. थरथर, घाम, एकदम भूक, जीभ अडखळणं असं काही झालं की शुगर मोजायची, ७० च्या खाली असेल किंवा मोजायला मशीनच नसेल तरी तीन चमचे ग्लुकोज नाहीतर साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, मग काहीतरी खायचं आणि तंबूत डॉक्टरांकडे जायचंच, कारण ग्लिमेपिराइड तासनतास काम करत राहतं आणि शुगर परत घसरते. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, ही चूक प्रेमापोटी होते. आणि ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अॅकार्बोज आहे त्यांना अशा वेळी साखर नव्हे, ग्लुकोजच द्यायचं, ती गोळी साखर फोडण्याचं कामच अडवते.

तुझ्यासारखी पत्रं मला बरीच येतात, बहुतेकांत खलबत्ता नसतो, पार्सलने मागवलेली पुडी असते, "आठ दिवसांत शुगर नॉर्मल" म्हणून. त्या सगळ्यांना इथेच सांगते, पुडीने आठ दिवसांत शुगर धाडकन उतरली तर आनंद मानू नका, संशय घ्या. परदेशातल्या औषध नियामकांना अशा "हर्बल" मालात लेबलवर न लिहिलेली शुगरची औषधं, ग्लिबेनक्लामाइड आणि मेटफॉर्मिन, सापडलेली आहेत. तुझ्या सासूबाईंनी जीव लावून केलं तेच काहीजण पैशासाठी करतात. २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून विकली जाणारी आयुर्वेदिक औषधं तपासली तेव्हा साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक निघालं. जांभळाचं चूर्ण खायचंच असेल तर सीझनमध्ये जांभळं आणा, बहाडोलीची नाहीतर बदलापूरची मिळाली तर काय सांगू, मीठ लावून खा, बिया धुऊन कडक वाळवा, घरी दळा. फळ मात्र बेताने, शंभर ग्रॅममध्ये साधारण चौदा ग्रॅम कर्बोदकं असतातच, वाटीभर ठीक आहे, टोपलीभर नाही. मला स्वतःला तो बेत कधी जमला नाही, जीभ जांभळी झाली की हात थांबत नाही.

राहिला तो डबा. तसाच फडताळात ठेवू नका, पाहुणा येईल आणि सासरेच कौतुकाने चमचाभर काढून देतील. उकिरड्यावरही नको, तुमच्याकडे कोंबड्या आहेत असं लिहिलंयस. ओल्या मातीत नाहीतर चहाच्या चोथ्यात कालवून, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्याच्या गाडीत टाक, गाडी येत नसेल तर शनिवारी जाशील तेव्हा पुण्याला घेऊन ये. आणि खलबत्ता घासून घे गं, त्यातच उद्या कुणीतरी लसूण कुटेल.